मागच्या दाराचं प्रयोजन

परमिट रूममधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दारू नव्हे, नकाशा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू द्या. मी नोकरीची सगळी वर्षं मोजपट्टी आणि नकाशाची सुरळी घेऊन हिंडलो आहे. परवाना माणसाच्या नावानं निघतो, पण लागू होतो जागेला. गिऱ्हाइकानं कुठं बसायचं, बाटल्या कुठं ठेवायच्या, आत कुठून यायचं, हे सगळं नकाशात आखलेलं असतं आणि त्याच्याभोवती एक लाल रेघ असते. रेघेच्या आत पिणारा तो ग्राहक. त्यानं खुर्ची हातभर मागं सरकवली आणि तिचे मागचे दोन पाय रेघेबाहेर गेले, तर गुन्हा. असा एक गुन्हा मी नोंदवलेला आहे. ग्राहक भला माणूस होता. त्यानं विचारलं, "साहेब, पुढचे दोन पाय आत आहेत, त्यांचं काय?" मी पंचनाम्यात चारही पाय लिहिले.

आमच्या खात्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. लोक दारूखातं म्हणतात. मी फुलंब्रीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. परीक्षा दिली, दुय्यम निरीक्षक झालो आणि बहुतेक सगळी नोकरी तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आसपासच्या रस्त्यांवर काढली. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो 'प्रकृतीच्या जपणुकीसाठी' दिलेला असतो. माझ्या काळात या जिल्ह्यात प्रकृतीची फार काळजी घेतली गेली. वैजापूरकडचे एक निवृत्त गुरुजी नूतनीकरणाला स्वतः यायचे आणि घरच्या पत्त्यावर काहीही पाठवू नये असं लेखी द्यायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "घरी कळलं तर प्रकृती बिघडेल."

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते मी लग्नाकार्यात सांगतो. इथं जे सांगायचं आहे ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

जालना रोडवर चिकलठाणा मागं टाकून करमाडकडं निघालं की डाव्या हाताला 'रसिका' नावाची परमिट रूम होती. मालक बनकर. त्यांची अर्धी जमीन कारखान्यांत गेली आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी हा धंदा टाकला. संध्याकाळी साडेसहाला गाणं सुरू व्हायचं. कागदावर ऑर्केस्ट्रा, प्रत्यक्षात नाच. सहा बायका नाचायच्या.

अशा ठिकाणी दोन परवाने लागतात. दारूचा आमच्याकडून, कार्यक्रमाचा दुसऱ्या कार्यालयाकडून. दारूच्या परवान्याबरोबर नोकरनामा असतो, म्हणजे बाटलीला हात लावायची ज्यांना परवानगी आहे अशा नोकरांची यादी, फोटो आणि शिक्क्यासकट. नाचणाऱ्या बायका त्यात नसत, कारण त्यांनी बाटलीला हात लावायचा नसतो. कार्यक्रमाच्या परवान्यात त्या असत, पण आकड्यानं. 'महिला कलावंत : सहा.' नाव नाही. आम्ही तपासणीला गेलो की नोकरनाम्यातल्या माणसांची हजेरी घ्यायचो आणि बायका स्टेजवरच आहेत, टेबलांमध्ये नाहीत, एवढं बघून घ्यायचो. त्या पाणी कुठं पितात, कपडे कुठं बदलतात, हा कुठल्याच कागदातला रकाना नव्हता.

'रसिका'ला मागं एक दार होतं. ड्राय डेला तिथून माल बाहेर जातो अशी खबर लागली, म्हणून मी आणि आमचे जवान युसूफभाई सकाळपासून मागच्या ज्वारीत बसलो. आमच्या खात्यात शिपायाला जवान म्हणतात. युसूफभाई माझ्याहून वयानं मोठे, शहागंजातले. दुपारी दोनच्या सुमारास एक माणूस दुधाचे कॅन घेऊन त्या दारातून निघाला. दूध वाजत नाही. हे वाजत होतं. आम्ही त्याला धरला. त्या कामाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. नियम असा की परवान्याच्या जागेला लोकांसाठी एकच दार असावं. मी मागचं दार कायमचं बंद करण्याचा प्रस्ताव दिला आणि तो मंजूर झाला. बनकरांनी विटा लावून प्लास्टर केलं. मी उभा राहून मोजमाप घेतलं, नकाशात दुरुस्ती केली, फोटो काढला. काम चोख होतं. आजही मला ती भिंत आठवते. सरळ होती.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं एका संध्याकाळी सातच्या सुमारास ऑफिसात फोन आला. 'रसिका'त एक नाचणारी मुलगी दारू पिऊन स्टेजवर पडली, लोक ओरडताहेत. फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. परवान्याच्या जागेत कलावंतानं पिणं हा शर्तभंग. मी युसूफभाईंना घेऊन निघालो. आम्ही पोचेपर्यंत मुलीला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. आम्ही तिकडं गेलो.

मुलगी बाविशीची असेल, नाव रेखा. झगझगीत घागऱ्यावर कुणीतरी शाल टाकली होती. तिच्या उशाशी पस्तिशीच्या आतबाहेरची एक बाई उभी होती. ती सुनंदा. बायकांत सगळ्यात थोरली, आधी तमाशात होती, बाकीच्या तिला ताई म्हणायच्या. युसूफभाई रेखाजवळ वाकले आणि लगेच मागं आले. हळूच म्हणाले, "साब, पीये सो बास नईं आती. बच्ची बीमार है."

मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील ते लिहू."

डॉक्टर बाई होत्या, तरुण. मी ओळख सांगितली, रक्ताची तपासणी मागितली. त्यांनी केली. कागद हातात देताना त्या म्हणाल्या, "दारूचं विचारत होतात ना? हिनं दारू तर सोडाच, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. रोजच पीत नाही म्हणते. लघवीचा संसर्ग वर किडनीपर्यंत गेलाय. ताप आहे. हे तुमच्या अहवालात कुठल्या कलमाखाली बसतं ते बघा."

ते कुठल्याच कलमाखाली बसत नव्हतं. मी 'मद्यप्राशन आढळले नाही' असं लिहिलं आणि प्रकरण बंद केलं. खरं तर तिथंच संपायला हवं होतं. पण माणूस पाणी का पीत नाही, हा प्रश्न मला रात्रभर नसला तरी सकाळी दाढी करताना पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच 'रसिका'त गेलो. हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. सुनंदा स्टेजच्या कडेला बसून पायाला तेल चोळत होती. मला बघून उठली.

मी विचारलं, "रेखा पाणी का पीत नव्हती?"

"आमी कुनीच पीत नाय साहेब. दुपारी चारला आलं की घरी जाईस्तवर. रेखा तर सकाळपासूनच पीत नाय, हितं आल्यावर लागू नये म्हनून."

"का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला खरंच माहीत नाही, का माहीत असून विचारतोय, हे ती ठरवत असावी.

"आतलं संडास गिऱ्हाइकांचं हाय. आत उभे ऱ्हातेत, कडी नाय. तिथं जायचं म्हंजे समद्या टेबलांमधून जायचं. पदर वढतेत, आडवे पाय घालतेत. बायांचं संडास मागं हाय, भिंतीच्या पल्याड. तिकडं जायला दार व्हतं. ते तुमीच बुजवलं."

मी म्हणालो, "मागं संडास आहे हे मला माहीत नव्हतं."

"तुमी बघितलं व्हतं साहेब," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ज्वारीत बसले व्हते त्या दिवशी. तालमीला बोलावलं व्हतं म्हनून आमी व्हतो. मी दोनदा आले-गेले. तुमी मला बघून तोंड फिरवलं. मला वाटलं, चांगला मानूस हाय."

मला आठवलं. पत्र्याच्या आडोशाकडं एक बाई डबा घेऊन गेली होती आणि मी मान दुसरीकडं वळवली होती. घरी तसंच शिकवलेलं होतं. माझ्या पंचनाम्यात दार होतं, कॅन होते, बाटल्यांची संख्या होती. आडोसा नव्हता.

मी इमारतीला वळसा घालून मागं गेलो. आडोसा उभा होता, कडीला गंज चढलेला. तिथं पोचायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडून, गाड्या लावायच्या जागेतून, रस्त्याच्या कडेनं जायचं. संध्याकाळी तिथं पिऊन बाहेर आलेली माणसं उभी असत. नाचाच्या कपड्यांत कुणी गेलं नसतं.

बनकरांना गाठलं. म्हणालो, दार परत उघडण्याचा अर्ज करा. ते म्हणाले, "साहेब, लई झंझट हाय ते. नकाशा बदलायचा म्हंजे समदी जागा परत मोजनार." त्यांना मोजणी का नको होती हे मला माहीत होतं. बाहेरच्या झाडाखाली त्यांनी पाच टेबलं टाकली होती, लाल रेघेच्या पार पलीकडं. मी म्हणालो, "टेबलं आज आत घ्या. परवा मी मोजायला येतो. आणि अर्ज तोवर माझ्या टेबलावर पाहिजे." मी नोकरीत धमकी अशी एकदाच दिली आणि तीही मोघम.

अर्ज आला. मी टिपण लिहून वर पाठवलं. अधीक्षक साहेबांचा शेरा आला, 'सदर दरवाजाचे प्रयोजन नमूद करावे.' मी लिहिलं, 'नैसर्गिक विधी.' त्यांनी मला बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते. मराठी शुद्ध लिहायचे आणि फायली दाबून ठेवत नसत.

"गाडेकर, हे शब्द दारूच्या फायलीत बरे दिसतात का?"

"दुसरे काय लिहू सर?"

त्यांनी स्वतः खोडून 'महिला कर्मचाऱ्यांकरिता सुविधा' असं लिहिलं. मला वाटलं, झालं काम. आठ दिवसांनी फाईल परत आली. 'नोकरनाम्यात एकही महिला नाही. सबब महिला कर्मचारी नाहीत. सबब सुविधेची आवश्यकता सिद्ध होत नाही.' मी तो शेरा तीनदा वाचला. चूक सापडेना. असे शेरे लिहायला मी त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो.

बायकांची नावं नोकरनाम्यात घालावीत तर कार्यक्रमाचा परवाना आड येत होता. कलावंतानं त्या जागेत दुसरं कुठलंही काम करायचं नाही, अशी त्यात शर्त होती. नोकर असेल तर नाचता येणार नाही, आणि नाचत असेल तर नोकर नाही. शर्त बायकांच्या भल्यासाठीच होती. त्यांना टेबलांवर दारू द्यायला लावू नये म्हणून कुणीतरी विचार करून घातलेली. दोन्ही कार्यालयांचं बरोबर होतं.

सुनंदा एका दुपारी आमच्या ऑफिसात आली. साधं सुती लुगडं, डोळ्यांना चष्मा. मी आधी ओळखलंच नाही. युसूफभाईंनी तिला बाकावरून उठवून माझ्या टेबलासमोर खुर्ची दिली. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

शेवटी म्हणाली, "म्हंजे नाचनारीला आडोशाला जायचं तर आदी नोकर व्हावं लागतंय."

"कागदावर तसंच होतंय."

"आन नोकर झाली की नाचायचं नाय."

"नाही."

"समद्यांची नावं लागतेत का एकीचं चालंल?"

मी विचार केला. "एकीचं चालेल. एक महिला कर्मचारी असली तरी सुविधा द्यावी लागते. दार एकदा मंजूर झालं की त्यातून कोण जातं ते नकाशा विचारत नाही."

तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, "माझं लिवा."

मी म्हणालो, घाई करू नका. नाचणाऱ्या बाईला वरून जे मिळतं ते नोकराला मिळत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तिला माझ्याहून जास्त. जालन्याकडं तिची आई आणि शाळेत जाणारी मुलगी तिच्यावर होती.

"माझे गुडघे तसेबी कुरकुर करतेत," ती म्हणाली. "आजून दोन-तीन वर्सं नाचले असते. पन रेखाच्यानं दोन वर्सं निघायची नाय. परत कामाला आली ती. पानी मी पाजते बळंच, तर रडती, पोट फुगतं म्हनती. लिवा तुमी."

नोकरनाम्यात 'कामाचे स्वरूप' असा रकाना असतो. मी विचारलं, "काय लिहू?"

"दार उघडायचं, दार लावायचं. दुसरं काय करनार हाय मी?"

मी 'भांडार सहायक' असं लिहिलं. तिचा फोटो लावला, सांसर्गिक रोग नसल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला, शिक्का मारला. या रस्त्यावरच्या नोकरनाम्यांत बाईचं नाव मी पहिल्यांदाच बघत होतो. बनकर कुरकुरले, पण टेबलं आत आलेली होती आणि मोजपट्टी माझ्या हातात होती.

दार मंजूर झालं. साहेबांनी अटी घातल्या. दाराला कुलूप असावं, किल्ली नोकरनाम्यातील महिलेकडं असावी, आणि दार प्रत्येक वेळी उघडल्याची वेळ नोंदवहीत लिहावी. बाटल्या जाऊ नयेत म्हणून. म्हणजे कोण बाई किती वाजता आडोशाला गेली याचं सरकारी रजिस्टर सुरू झालं आणि दर महिन्याला ते तपासून मी सही करायचो. सुनंदानं पहिले काही दिवस इमानदारीनं सगळं लिहिलं. मग तिनं रोज सात, आठ, नऊ अशा तीनच वेळा लिहायला सुरुवात केली. महिनेच्या महिने त्याच. एकाही बाईला सात वाजून पाच मिनिटांनी लागली नाही. मी सह्या केल्या. खोट्या रजिस्टरवर जाणूनबुजून केलेल्या माझ्या सह्या तेवढ्याच, आणि त्यांचं मला वाईट वाटत नाही.

गवंड्यानं भिंत फोडली त्या दिवशी मी हजर होतो. पुढच्या तपासणीला गेलो तर स्टेजमागं एक माठ ठेवलेला होता आणि रेखा उभ्यानं तांब्यानं पाणी पीत होती. तिनं मला बघितलं, पण पाणी संपवल्याशिवाय तांब्या खाली ठेवला नाही. नोकरीत मला दोन प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कुठंतरी कपाटात आहेत. हे त्यांत धरलेलं नाही. मी धरतो.

हे सगळं वर्षभर चाललं असेल. मग सरकारनं बारमधला नाचच बंद केला. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, नवे कायदे आले, पण ते मुंबईकडचं. आमच्या रस्त्यावर जे बंद झालं ते बंदच राहिलं. आदेश आला त्या आठवड्यात आम्हाला प्रत्येक ठिकाणी जाऊन तपासणीचे पंचनामे करायचे होते. 'रसिका'त आम्ही दुपारी तीनला पोचलो. बनकरांनी स्टेजवर आधीच टेबलं मांडली होती. बायका नव्हत्या. सुनंदा होती. ती नोकरनाम्यात होती, कलावंतांत नव्हती, म्हणून तिला आदेश लागू नव्हता. काउंटरमागं ती ग्लास पुसत होती. मी लिहिलं, 'तपासणीवेळी एकही महिला कलावंत आढळून आली नाही.' पंचांनी सह्या केल्या.

परत निघालो. थोडं पुढं बसथांब्याच्या पत्र्याखाली त्या पाचही जणी बसलेल्या होत्या. पायाशी पिशव्या, गाठोडी, एकीच्या मांडीवर मेकअपची पत्र्याची पेटी. ऊन मी म्हणत होतं. आमची जीप रिकामी होती, पुढं आम्ही दोघंच. रेखा उभी राहिली आणि तिनं हात केला.

युसूफभाईंनी गाडी हळू केली. "रोकूं क्या साब?"

मघाशी मी लिहून आलो होतो की त्या आढळल्या नाहीत. आता त्यांनाच सरकारी जीपमध्ये बसवून शहरात न्यायचं, कुणी बघितलं तर काय सांगायचं, असा हिशेब माझ्या डोक्यात झाला. त्याला फार वेळ लागला नाही.

"नको," मी म्हणालो.

युसूफभाईंनी गिअर टाकला. रोज जेवताना ते स्वतःच्या डब्यातलं आधी मला विचारायचे, त्या दिवसानंतर कधी विचारलं नाही. निवृत्त होईपर्यंत सलाम मात्र रोज केला.

मी निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. मागं कन्नडला एका लग्नाला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ला वेळ होता, बाजाराचा दिवस होता, म्हणून स्टँडजवळच्या एका खानावळीत शिरलो. गल्ल्यावर सुनंदा होती. केस पिकलेले, चष्मा जाड झालेला. तिनं मला लगेच ओळखलं, स्वतः ताट वाढलं आणि समोर बसली. 'रसिका' पुढं फॅमिली रेस्टॉरंट झालं, तिथं ती आणखी काही वर्षं होती. मग इथं आली. मुलगी नर्स झाली. मी बाकीच्यांचं विचारलं. दोघी मुंबईकडं गेल्या, त्यांचा पत्ता नाही. एक वारली. एकीनं लग्न केलं. रेखा शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आहे, कधीमधी फोन करते, तब्येत बरी आहे.

मी पोळी मोडता मोडता म्हणालो, "सुनंदाबाई, त्या दिवशी बसथांब्यावर रेखानं हात केला होता. बससाठी केला की मला ओळखून, ते मला अजून कळलेलं नाही."

"वळखून," ती म्हणाली. "ती सांगती कदी कदी. जीप लांबूनच वळखली व्हती तिनं. बाकीच्यांना म्हनली, उठा, आपले साहेब हायेत, शहरापत्तर सोडतील. समद्यांनी पिशव्या उचलल्या व्हत्या."

मी विचारलं, "मग?"

"मग काय," तिनं माझ्या ताटात वरण घातलं. "मग बस आली."